टायटल क्लिअर आहे म्हणून बडोद्यात समा-हरणीकडे बाना (विसार) देऊन टाकायचा का?

रावपुरेकर
भाच्यासाठी समा-हरणी पट्ट्यात फ्लॅट बघतोय. वकिलाने टायटल क्लिअर दिलंय, बँकेचं कर्जही मंजूर आहे, तेव्हा घरचे म्हणतात बाना देऊन मोकळे व्हा. माझं स्पष्ट मत: पाण्याची आणि जमिनीची चौकशी झाल्याशिवाय एक रुपया देऊ नये. काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. वकील सातबारा बघतो, व्हॅल्युअर कार्पेट मोजतो. पार्किंगच्या खांबावर गाळाची रेघ कुठवर होती हे कोण बघतं? बिल्डर किंवा मालक रंग मारून घेतो. म्हणून मी मीटरपेट्या बघतो. जुन्या सोसायटीत त्या अलीकडेच उचलून छातीच्या वर बसवलेल्या दिसल्या की पुढचे प्रश्न वॉचमनला विचारायचे, दलालाला नाही.

गुंतवणूकदार_बडोदा
काका, अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) दर पावसाळ्यात भरतं, म्हणून अलकापुरी कुणी सोडली का? २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचा गाळ काढून पात्र रुंद केलंय. लोक घाबरलेले असतात तेव्हाच स्वस्तात मिळतं. तिसरा मजला घ्या आणि शांत झोपा.

फतेगंजची_सून
तिसऱ्या मजल्यावर पूर येत नाही, कबूल. पण लिफ्टचा खड्डा, पाण्याची मोटर, जमिनीखालची टाकी आणि तुमची गाडी तळालाच राहतात. टाकीत पुराचं पाणी शिरलं की ती उपसून धुईपर्यंत अख्खी इमारत बाटल्यांवर. गाडीच्या साध्या विम्यात पाणी शिरून बिघडलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्याला वेगळं कव्हर लागतं. आणि आमच्या गावात पुराबरोबर मगरीही येतात, हे बाहेरून येणाऱ्या भाडेकरूला समजावून बघा!

निवृत्त_ओव्हरसियर
सगळे नदीलाच धरून बसलेत. नदीपासून लांब असलेल्या सोसायट्या का बुडतात? कांस. भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस, हे पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारे जुने ओहोळ. कुठे झाकले, कुठे वळवले, कुठे काठावर भराव टाकला. सेवासदनात (महापालिकेत) टीपीचा, म्हणजे नगररचना योजनेचा, नकाशा मिळतो. त्यात आपला फायनल प्लॉट (योजनेत ठरलेला भूखंड) शोधा आणि गुगल अर्थवर त्याच जागेची वीसेक वर्षांपूर्वीची चित्रं काढा. तिथे तलावडी (छोटं तळं) दिसली तर भराव कितीही दाबलेला असो, मी तरी घेणार नाही. आणखी एक. डांबराचे थर चढून रस्ता दरवेळी वर येतो, प्लिंथ (जोतं) तिथेच राहते. फाटकापाशी उतार सोसायटीच्या आत असेल तर पंपाचा खर्च कायमचा तुमचा.

केमिकलवाला_छाणी
पुरावर एवढी चर्चा, बोअरच्या पाण्यावर कुणीच नाही? गोरव्याकडे क्रोमियमच्या कचऱ्याचा प्रश्न जुना आहे. दलाल खिशातून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर काढून दाखवतो. पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत टीडीएस ठीक धरतात, आकडा त्याखाली दिसला की गिऱ्हाईक खूश. पण त्या मीटरला क्रोमियम कळत नाही. त्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, तिथे प्रयोगशाळाच हवी. नंदेसरी-बाजवाच्या रासायनिक कारखान्यांच्या बाजूला घर घेणाऱ्यांनी हिवाळ्यात पहाटे तिथे जाऊन उभं राहावं. वारा उत्तरेकडून असतो, नाक सांगेल.

गुंतवणूकदार_बडोदा
एवढं सगळं तपासेपर्यंत दुसरा बाना देऊन जातो. रेरा (घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) कशाला आहे मग?

रावपुरेकर
रेरात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते. नदीला रेरा लागू नाही, साहेब. बानाखतातच (विसाराच्या करारात) लिहून घ्या: पाण्याचा अहवाल खराब निघाला तर बाना परत. जो विकणारा एवढ्यावर उठून जातो त्याला काहीतरी ठाऊक असतं.

गुंतवणूकदार_बडोदा
किंवा त्याच्याकडे बिनशर्त गिऱ्हाईक असतं. म्हणजे मी. 😄 मी धोका मानत नाही असं नाही, तो भावात वजा करून मागतो.

फतेगंजची_सून
तुम्ही भावात वजा करता आणि राहायला भाडेकरू ठेवता. रावपुरेकरांचा भाचा स्वतः राहणार आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
रावपुरेकर, फायनल प्लॉट नंबर इथे टाका, मी टीपी काढून बघतो.