पावसाळा, सोसायटी आणि “हे नक्की काय निघालंय?”

बोरिवली
पाऊस सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक तरी हललेला फोटो येतोच आणि खाली प्रश्न: “विषारी आहे का?” यंदा बी विंगच्या काकूंना कुंडीतली माती बदलताना ‘चकचकीत गांडूळ’ सापडलं. वीतभरही नाही, काळपट तपकिरी. पण गांडूळ ओलसर असतं, अंगावर वळ्या असतात. हा कोरडा, गुळगुळीत आणि भलताच चपळ. भिंगातून खवले दिसले, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. तेवढ्यात इवलीशी जीभ बाहेर आली आणि वाद मिटला. वाळा! बिनविषारी, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा. यांच्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात. कुंडीच्या मातीतून एकटी गेली तरी वंश चालतो, म्हणून तर जगभर पसरलाय. काकूंनी त्याला परत कुंडीत सोडलं, हे विशेष.

तुमच्याकडे काय निघालं आणि ओळख कशी पटली, लिहा.

गोरेगाव, आरेच्या बाजूला
पहिल्या धुवांधार पावसानंतर मागच्या प्लॉटवर पिवळेधमक बेडूक! गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून नुसता कल्ला. वॉचमनच्या मते कुणीतरी परदेशातून आणून सोडलेले. पण त्यांच्यातच दोन-चार मातकट रंगाच्याही होत्या, त्यावरून उलगडा झाला. त्या माद्या. हा आपला शेतातला मोठा बेडूक, इंडियन बुलफ्रॉग. विणीच्या हंगामात नर असे नटतात, मग पुन्हा हिरवट-मातकट.

मुलुंड
आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाइपावरून साप आला. तपकिरी, पांढरट पट्ट्यांचा. सासूबाई म्हणाल्या मण्यार. सर्पमित्र आले, टॉर्च मारला आणि म्हणाले, “वहिनी, पट्टे कुठून सुरू होतात बघा.” मानेपासूनच होते, रुंद, आणि शेपटीकडे विरत गेलेले. म्हणजे कवड्या, पालींच्या मागे भिंती चढतो. मण्यारचे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, डोक्यापासून जरा अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते. पण ती मोजायला जायचं नाही, हे सासूबाईंनी लगेच जोडलं.

दादर
आमच्या नशिबी फक्त पाली. गावी सापसुरळी दिसली की आजी “सापाची मावशी गं बाई” म्हणून हात जोडायची. तीही बिनविषारीच.

परळ
हॉस्पिटलात काम करते म्हणून मध्ये बोलते. चावला असेल तर ओळख परेड नको. साप मारून पिशवीतून आणू नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकत्रच चालतं, आणि डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. मण्यारचा दंश तर बरेचदा दुखतही नाही, सूज नाही. नंतर पापण्या जड व्हायला लागतात. थांबून बघू, असं करू नका.

भांडुप
आमचा पाहुणा साधा आहे. फ्लशच्या टाकीमागे टाइल्सला चिकटलेला, फिकट तपकिरी, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. लेकीला पाल वाटली, पण शेपूट कुठाय? फिनेल टाकू का?

बोरिवली
अजिबात नको! झाडबेडूक आहे, कातडीतून सगळं शोषतो. रात्री खिडकी उघडी ठेवा, जाईल.

भांडुप
गेला होता. आज परत आलाय.