कमी उष्मांकाचा आहार म्हणजे थंड पदार्थांचा आहार का?

कुरडई

वजन कमी करण्याच्या आहाराविषयीचे चार पानी पत्रक मी एका दवाखान्यासाठी इंग्रजीतून मराठीत आणले. मुळात ‘लो कॅलरी’ हे शब्द जागोजागी होते आणि शाळेत शिकल्याप्रमाणे मी प्रत्येक ठिकाणी ‘कमी उष्मांक असलेले’ असे लिहिले. पत्रक वाटून महिना झाल्यावर एका तरुण रुग्णाच्या सासूबाईंनी आहारतज्ज्ञ बाईंना मोठ्या समाधानाने सांगितले की पत्रकातले सगळे त्यांनी तंतोतंत पाळले आहे. सुनेची बाजरीची भाकरी, कुळथाचे पिठले, पपई आणि लसणीची चटणी त्यांनी बंद केली होती, आणि त्या जागी सकाळी गुलकंद, दुपारी सब्जा घातलेले सरबत व रात्री खडीसाखर आणि साजूक तूप घातलेले दूध सुरू केले होते, कारण या पदार्थांमध्ये ‘उष्णता अगदी कमी’. सुनेचे वजन दीड किलोने वाढले आहे.

सासूबाईंना हसावे असे मला मुळीच वाटले नाही. त्यांनी मी लिहिलेला शब्दच वाचला होता. पत्रकाची दुसरी आवृत्ती आता छापायची आहे. ‘उष्मांक’ हा शब्द ठेवावा, ‘कॅलरी’ लिहावे की आणखी काही शब्द आहे?

अनुस्वार

पहिली गोष्ट म्हणजे शब्द ‘ऊष्मांक’ असा दीर्घ लिहावा. संस्कृतात ‘ऊष्मन्’ आणि ‘उष्मन्’ अशी दोन्ही रूपे सापडतात हे मान्य आहे, तरी मला दीर्घ रूप अधिक शिष्ट वाटते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. द्रवणांक, उत्कलनांक, बुद्ध्यांक, निर्देशांक या शब्दांत ‘अंक’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे मोजून आलेले मूल्य असते, मोजण्याचे एकक नसते. मेणाचा द्रवणांक अमुक अंश असतो. मेणात अमुक द्रवणांक नसतात. त्याच न्यायाने पोळीचा उष्मांक ऐंशी कॅलरी असे म्हणता येईल, परंतु ‘एका पोळीत ऐंशी उष्मांक’ हे ‘त्याच्या अंगात दोन तापमान आहे’ असे म्हणण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकांनीही हा घोळ वर्षानुवर्षे घातला आहे, तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही.

तिरफळ

अनुस्वार यांचा मुद्दा सूक्ष्म आहे, पण उकार दीर्घ केल्याने त्या सुनेचे वजन कमी होणार नाही.

माझे आजोळ रत्नागिरीकडचे. तिथे कोणत्याही खाण्याविषयी पहिला प्रश्न ‘ते उष्ण की थंड’ असाच असे. कुळीथ उष्ण, कोकम थंड, अळीव उष्ण म्हणून बाळंतिणीला लाडू, फणसाचे गरे जड म्हणून रात्री नकोत. कोणाला काय ‘मानवते’ आणि कोणाला काय ‘बाधते’ याची यादी आजीच्या डोक्यात माणसागणिक वेगळी होती. एकाच पंक्तीत एका नातवाला दही मिळे आणि दुसऱ्याला मिळत नसे. ज्या भाषेत ‘उष्ण’ हा शब्द स्वयंपाकघरात इतका घट्ट रुजलेला आहे, तिथे त्याचाच सख्खा भाऊ आणून त्याला निराळा अर्थ द्यायचा आणि लोकांनी गफलत करू नये अशी अपेक्षा ठेवायची, हे मला परिभाषाकारांचे भाबडेपण वाटते. शिवाय ‘उष्मा’ हा शब्द आज बहुतेकांना ‘उष्माघात’ या एकाच शब्दातून ठाऊक आहे, त्यामुळे ‘जास्त उष्मांक’ वाचल्यावर डोळ्यांपुढे एप्रिलमधली नागपूरची दुपार उभी राहते, वड्यांचा घाणा उभा राहत नाही.

मोरावळा

आजीची यादी आणि शास्त्र यांत थोडा भेद करावा लागेल. आयुर्वेदात द्रव्याचे वीर्य उष्ण किंवा शीत असते, म्हणजे ते शरीरावर कोणता परिणाम घडवते याचे ते वर्णन आहे, आणि त्यात लोकसमजाला धक्का देणाऱ्या गोष्टीही आहेत. दही थंड असे बहुतेक घरांत मानतात, ग्रंथांत मात्र ते उष्ण सांगितले आहे. (हे मी आमच्या घरी एकदाच सांगितले आणि पुन्हा सांगितले नाही.)

उष्ण-थंड आणि कॅलरी यांचा काहीही संबंध नाही हे दाखवायला आकडे पुरेसे आहेत. पपई उष्ण मानतात, पण १०० ग्रॅम पिकलेल्या पपईत ५० कॅलरीसुद्धा नसतात. खडीसाखर थंड, आणि १०० ग्रॅममध्ये सुमारे ४००. तूपही थंड, आणि १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ९००. बाजरी उष्ण आणि तांदूळ थंड, तरी दोन्ही कच्च्या धान्यांचा आकडा साडेतीनशेच्या आसपासच आहे. सासूबाईंनी काढलेले आणि घातलेले पदार्थ शेजारी शेजारी मांडले, तर त्यांनी नेमका उलटा व्यवहार केला असे दिसते, आणि तोही अत्यंत तर्कशुद्धपणे.

दक्षिणवारा

मेलबर्नमध्ये पाकिटावर किलोज्यूल छापणे बंधनकारक आहे, कॅलरी छापणे ऐच्छिक. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, त्यामुळे भारतातून आलेली माझी आई पहिल्याच आठवड्यात एका बिस्किटाच्या पुड्यावरचा आकडा वाचून हादरली आणि पुडा तिने शेजाऱ्यांना देऊन टाकला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांतही ऊर्जा किलोज्यूलमध्येच दिली आहे. तेव्हा एककाचा वाद सोडून सरळ ‘ऊर्जा’ लिहावे हे उत्तम: ‘कमी ऊर्जेचे पदार्थ’.

घोंगडी

‘कमी ऊर्जेचे पदार्थ’ हे वाचून आमच्या माण तालुक्यात कोणीही तो पदार्थ हातात धरणार नाही. ऊर्जा हा मराठीत गुण आहे. जाहिराती ऊर्जा विकतात, भाषण देणारे ऊर्जा देतात, आणि दवाखान्याने मात्र सांगायचे की ऊर्जा कमी खा! वाचणाऱ्याला तो अशक्तपणाचा आहार वाटेल.

याच गोष्टीसाठी आमच्याकडे जुना शब्द आहे, ‘आधार’. ज्वारीची भाकरी पोटाला आधार देते, भात आधार धरत नाही, असे माझे वडील म्हणत. दिवसभर पाणी धरायचे असेल तर न्याहारी आधाराची हवी, हे गणित त्यांना आकड्यांवाचून कळत होते. ‘कमी आधाराचे अन्न’ असे लिहिले तर अर्थ ताबडतोब पोचेल.

मोरावळा

अर्थ पोचेल, परंतु चुकीचा. आधार म्हणजे भूक किती वेळ लांबते, आणि त्यात चोथा, प्रथिने, पचायला लागणारा वेळ हे सगळे येते. आपण म्हणता तसा भात आधार धरत नाही, पण त्यामुळे त्यातल्या कॅलरी भाकरीपेक्षा कमी होत नाहीत. वजन कमी करणाऱ्याला तर आधार जास्त आणि कॅलरी कमी असेच अन्न हवे असते, म्हणजे आपला शब्द सल्ला उलटा करून ठेवील. तरीही पत्रकात ‘आधार’ हा शब्द कुठेतरी यावा असे मला मनापासून वाटते.

अनुस्वार

आपण सर्व ‘ऊष्मांक’ शब्दाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आहात, म्हणून ‘कॅलरी’चे कुळ सांगतो. लॅटिनमध्ये ‘कालोर’ म्हणजे उष्णता. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी उष्णता ती कॅलरी, आणि आहारातली कॅलरी तिच्या हजारपट, म्हणजे खरे तर किलोकॅलरी. अन्नाचा नमुना बंद भांड्यात प्राणवायूमध्ये जाळून भोवतालचे पाणी किती तापले ते मोजतात. ‘ऊष्मांक’ हा त्याच कल्पनेचा प्रामाणिक मराठी शब्द आहे. तो दोषी असेल तर कॅलरीही तितकीच दोषी आहे.

जीवनसत्त्व, प्रथिन, कर्बोदक हे शब्द आपण रुळवलेच ना? ‘तारीख’ असताना सावरकरांनी ‘दिनांक’ रूढ केला आणि आज प्रत्येक अर्जावर तो आहे. थोडा धीर धरला असता तर ऊष्मांकही रुळला असता.

तिरफळ

आपण आमचाच मुद्दा सिद्ध केलात याबद्दल आभार. दोन्ही शब्दांच्या पोटात उष्णताच आहे. फरक एवढाच की लॅटिन इथे कोणाला येत नाही, म्हणून कॅलरीच्या पोटातली उष्णता कोणाला भाजत नाही. ‘जीवनसत्त्व’ आणि ‘प्रथिन’ टिकले, कारण स्वयंपाकघरात त्या जागेवर आधीपासून कोणी बसलेले नव्हते. उष्मांकाच्या जागेवर आजी बसली होती. कधी कधी न कळणारा शब्द हाच अधिक सुरक्षित असतो, हे शुद्धिवाद्यांना पटणे अवघड आहे.

अनुस्वार

मग विज्ञान मराठीत आणण्याचा खटाटोप बंदच करू आणि सगळे न कळणारे शब्द आयात करू. बरे, आयात केलीच आहे तर निदान तिचे अनेकवचन तरी मराठीत करा. बॅटरी–बॅटऱ्या, फॅक्टरी–फॅक्टऱ्या, तशी कॅलरी–कॅलऱ्या. ‘कॅलरीज’ लिहिणारे ‘बॅटरीज’ लिहितात का?

दक्षिणवारा

लिहितात.

जुनी वही

कॅलऱ्या वाचून चौथीच्या बाई आठवल्या. त्या ‘चौरस आहार’ शिकवीत आणि सांगत की चार रस असलेला तो चौरस. पुढे मी ही व्युत्पत्ती एका लग्नाच्या पंगतीत ठासून सांगितली, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “रस सहा असतात ना? मग उरलेले दोन कोणी खाल्ले?” मला अजूनही ती व्युत्पत्ती आवडते.

अनुस्वार

आवडीचा प्रश्न नाही. चौरस हा ‘चतुरस्र’पासून आला आहे, म्हणजे चार कोन असलेला. रसाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि ‘समतोल’ हा चांगला शब्द उपलब्ध असताना आहाराला कोन कशाला हवेत हेही मला समजलेले नाही.

जुनी वही

समतोल आहारात मीठ-भाकरीसुद्धा तोलून मापून वाटते. चौरस म्हटले की ताट भरलेले दिसते. डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर, उजव्या बाजूची भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद. सगळे कोन भरले.

घोंगडी

ज्या घरी भाकरी आणि ठेचा हेच जेवण होते, त्यांच्या ताटाला किती कोन मोजायचे?

कुरडई

सर्वांचे आभार. वरचे सगळे मी आहारतज्ज्ञ बाईंना वाचून दाखवले. ऊष्मांकाच्या उकाराशी आल्यावर त्यांनी माझ्या हातातून पत्रक घेतले आणि लाल पेनने ‘उष्मांक’, ‘कॅलरी’ आणि ‘ऊर्जा’ हे तीनही शब्द खोडून टाकले. त्यांचे म्हणणे असे की रुग्णाला शब्द नको, माप हवे. म्हणून आता ‘तूप दिवसभरात दोन लहान चमचे, साखर व गूळ मिळून दोन लहान चमचे, गुलकंद व खडीसाखर ही साखरच समजावी’ असे छापायचे ठरत आहे. ‘थंड असली तरी’ हे तीन शब्द त्या वाक्यात घालावेत असा माझा आग्रह आहे, आणि त्यावर अजून एकमत झालेले नाही.

तिरफळ

ते तीन शब्द अवश्य घालावेत. परंतु ‘लहान चमचा’ म्हणजे कोणता? आमच्याकडे तुपाच्या भांड्यात असते ती तुपाची पळी, आणि घरात तिच्याहून लहान काही नाही म्हणून आई तिलाच लहान चमचा म्हणते.

अनुस्वार

पळी आणि चमचा यांत मुळातच फरक आहे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.