ग्रामसभेला «उचलून नेऊ» म्हणतात. माझ्या भावाचा हक्क नेमका काय आहे?

खाडीकाठ:
माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी आंबे काढताना कलमावरून पडला. मणक्याला इजा झाल्यामुळे तेव्हापासून तो व्हीलचेअर वापरतो. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगरउतारावर आहे. घरापासून रस्त्यापर्यंतच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, मी आणि चुलतभाऊ त्याला उचलून नेतो, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केलेली नाही. मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला सात पायऱ्या आहेत आणि ग्रामसभा वरच्या मजल्यावर भरते. रॅम्पची मागणी केली तेव्हा, «गावात माणसांची कमी आहे का? चौघे मिळून वर नेऊ,» असे उत्तर मिळाले. भावाने नकार दिला, आणि आता वाडीतली माणसे त्यालाच हट्टी म्हणतात. त्याची मागणी कायद्याला धरून आहे का? आणि गावाशी वैर न घेता ती पुढे कशी न्यावी?

कोर्टाची पायरी:
मागणी पूर्णपणे कायद्याला धरून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि स्थानिक प्राधिकरण म्हणून ग्रामपंचायतही त्याच्या कक्षेत येते. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम १५ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तयार करण्यास केंद्र सरकारला सांगितले.

तुमच्यासाठी त्याहून उपयोगी गोष्ट कलम २ मधील व्याख्येत आहे: वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच होय. रॅम्पला निधी आणि वेळ लागेल, परंतु ग्रामसभा तळमजल्यावर किंवा शाळेच्या पडवीत घेण्यास काहीच खर्च नाही. म्हणून अर्जात ही मागणी आधी आणि रॅम्पची नंतर लिहा, व पोच घ्या. उत्तर आले नाही तर कलम ८० खाली राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण पहिल्याच अर्जात दंडाची भाषा नको, असे माझे मत आहे.

वेंगुर्लेकरीण:
मी लहानपणापासून पोलिओमुळे चालू शकत नाही, त्यामुळे तुमच्या भावाचा नकार मला पुरता समजतो. घरच्या माणसाने पाखाडीवर उचलणे आणि सभेसाठी चौघांनी उचलणे यांत फार फरक आहे. एका सभेला मी अशीच वर गेले होते. नळयोजनेच्या ठरावाला माझा विरोध होता. पण ज्यांनी मला वर आणले तेच तो ठराव मांडत होते आणि सभा संपल्यावर त्यांनीच मला खाली न्यायचे होते. मी गप्प बसले. त्या माणसांच्या मनात काहीही वाईट नव्हते, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगते. वाडीतल्या लोकांना कलमे सांगण्याआधी हा प्रसंग सांगून पाहा. भावाला हवे तेव्हा येता आले पाहिजे, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर उठून जाताही आले पाहिजे.

आणखी एक: ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. तिचा हिशेब भावाने स्वतः ग्रामसभेत विचारावा.

चिरेबंदी:
मी बांधकामात आहे, म्हणून मोजमापाचे तेवढे सांगतो. उताराचे प्रमाण १:१२ धरतात. जोते साडेतीन फूट उंच असेल तर ४२ फूट लांबीचा रॅम्प लागतो. अंगण अपुरे असल्यास मध्ये सपाट टप्पा ठेवून तो वळवता येतो. अनेक ठिकाणी अंदाजपत्रक वाचवण्यासाठी १२-१५ फुटांत काम उरकतात, आणि असा रॅम्प व्हीलचेअरला पायऱ्यांइतकाच निरुपयोगी ठरतो. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि चिऱ्यावर शेवाळ धरते, त्यामुळे वर खरखरीत कोबा करून आडव्या खाचा पाडाव्यात. गुळगुळीत लादी मुळीच बसवू देऊ नये. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, तेव्हा कठडा स्टेनलेस स्टीलचा मागा आणि ही मापे अर्जातच लिहा.

खाडीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. आज जोते मोजले. ते तीन फूट आठ इंच भरले, म्हणजे ४४ फूट लांबी लागेल. भावाने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला आहे आणि त्यात १५ ऑगस्टची ग्रामसभा शाळेच्या पडवीत घ्यावी ही पहिली मागणी आहे. सोमवारी आम्ही दोघे जाणार आहोत. तो पायऱ्यांखाली थांबेल आणि ग्रामसेवकांनी खाली येऊन त्याच्याच हातून अर्ज घ्यावा, अशी विनंती मी करणार आहे.