भूवैज्ञानिक कालखंड समान लांबीचे का नाहीत?

प्रश्न (खानापूर):
मी मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. तक्त्यात क्रिटेशस कल्प जवळजवळ ८ कोटी वर्षांचा, तर सिल्युरियन जेमतेम अडीच कोटींचा दिसतो. ही विभागणी समान का नाही, असे मुले विचारतात. शिवाय गोकाकच्या धबधब्याचा खडक कोणत्या काळातला, हेही त्यांना सांगायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (बेळगाव):
ताई, ही विभागणी वर्षे मोजून झालेलीच नाही. १९व्या शतकात यूरोपातील अभ्यासकांनी बहुतेक कल्पांना नावे दिली, तेव्हा खडकाचे वय वर्षांत सांगण्याचे साधनच नव्हते. खालचा थर जुना, वरचा नवा आणि थराथरातले जीवाश्म वेगळे, एवढ्या आधारावर त्यांनी क्रम लावला आणि जिथे जीवाश्मांचा समूह बदललेला दिसला तिथे सीमा मानली. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या क्षयावरून त्या सीमांना वर्षे मिळाली ती २०व्या शतकात. आता सीमेसाठी जगातील एकच ठिकाण प्रमाण धरतात. क्रिटेशसच्या अखेरची, ६.६ कोटी वर्षांपूर्वीची सीमा ट्युनिशियातील एल केफ येथे आहे.

उत्तर (गोकाक):
धबधब्याचा कडा कलादगी खडकसमूहातील वालुकाश्म व क्वॉर्टझाइटचा आहे. तो प्रोटेरोझोइक काळातला, म्हणजे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कँब्रियन कल्पाच्याही आधीचा आहे. त्या काळी कवचधारी प्राणीच नसल्याने जीवाश्मांवरून काळ ठरवणे फार अवघड जाते. म्हणूनच आर्कियन (प्रोटेरोझोइकच्या आधीचा काळ) आणि प्रोटेरोझोइक यांमधली सीमा सरळ २५० कोटी वर्षे या आकड्यावर ठरवलेली आहे. आपल्या जिल्ह्यात अनेक ठिकाणी या कलादगी खडकांवर थेट दक्षिण ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या पठारावरील थिजलेल्या लाव्हाचा, काळा दगड पसरलेला आहे आणि तो लाव्हा क्रिटेशसच्या अखेरच्या सुमारास वाहिला. मुलांना आवर्जून सांगावे असे मला हेच वाटते, कारण दोन खडकांच्या त्या एका रेषेत कँब्रियनपासून सुरू होणारा संपूर्ण पुराजीव महाकल्प आणि क्रिटेशसने संपणारा जवळजवळ सगळा मध्यजीव महाकल्प गाळला गेला आहे.

प्रश्न (खानापूर):
दोघांचेही मनापासून आभार. मग मधल्या काळात इथे काहीच घडले नाही, असे समजायचे का?

उत्तर (गोकाक):
तसे कृपया सांगू नका. त्या काळात थर साचलेच नसतील किंवा साचलेले थर लाव्हा येण्यापूर्वी झिजून वाहून गेले असतील; भूविज्ञानात अशा खंडाला विसंगती म्हणतात. एकाच ठिकाणी सगळे थर सलग मिळत नाहीत, म्हणूनच हा तक्ता देशोदेशीचे खडक जुळवून तयार करावा लागला.