७५६ च्या विभाजकांच्या जोड्या: एक कुठे राहिली?

अपूर्णांक:
७५६ च्या सगळ्या जोड्या हव्या आहेत. १×७५६, २×३७८, ३×२५२, ४×१८९, ६×१२६, ७×१०८, ९×८४, १२×६३, १४×५४, १८×४२, २१×३६ अशा ११ झाल्या. उत्तरात १२ दिल्यात. नेमकं कुठपर्यंत तपासायचं?

पाढेवाला:
२७×२८ राहिली. २१ नंतर ओळीने पाच संख्यांनी भाग जात नाही, म्हणून बरेच जण तिथेच सोडून देतात. थांबायचं ते वर्ग बघून. २७ चा वर्ग ७२९, २८ चा ७८४. जोडीतले दोन्ही विभाजक २८ किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार ७८४ च्या खाली आलाच नसता. म्हणजे लहान विभाजक २७ च्या आतच सापडणार, २७ धरून.

पण सगळे भागाकार करत बसू नका. ५ ने भाग जात नाही, की १०, १५, २०, २५ बाद. ८ ने भागल्यावर ४ उरतात, म्हणून १६ आणि २४ गेले. ११ ने भाग जात नाही, म्हणून २२ बाद; १३ ने जात नाही, म्हणून २६ बाद. मग खरोखर भागून बघायला १७, १९, २३ एवढेच; बाकी अनुक्रमे ८, १५, २०.

‘४ ने जातो, ६ ने जातो, म्हणजे २४ ने जाणारच’ असं मात्र धरू नका. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे. ७५६ ÷ २४ = ३१.५.

बेरीजवजाबाकी:
जोड्या किती, हे आधीच काढून ठेवा. ७५६ = २² × ३³ × ७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३×४×२ = २४ विभाजक, म्हणजे १२ जोड्या. संख्या पूर्ण वर्ग असली तर विभाजकांची संख्या विषम येते. १४४ ला १५ विभाजक, पण जोड्या ८, कारण १२×१२ मध्ये १२ एकदाच मोजला जातो.

आणि राहिलेली जोडी तुमच्या यादीतच दडली होती: १४×५४. १४ ची दुप्पट, ५४ चे निम्मे!

अपूर्णांक:
सापडली. हे क्ष² − ५५क्ष + ७५६ चे अवयव पाडायला हवं होतं. दर वेळी पूर्ण यादी करावी लागते का?

पाढेवाला:
मुळीच नाही. जोडीतल्या संख्या जवळ येतात तशी त्यांची बेरीज घटते. इथे ७५७ वरून थेट ५५ वर. मधल्या पदाचा सहगुणक असा लहान दिसला की वर्गमुळापासून खाली उतरत या, पहिलीच जोडी लागते. गुणाकार धन आणि बेरीज ऋण, म्हणून दोन्ही ऋण घ्या: (क्ष − २७)(क्ष − २८).