अनुभव धागा: बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करताना गाडं नेमकं कुठे अडतं?

पूर्वप्राथमिकचा अभ्यासक्रम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार: पुस्तकातलं सगळं समजतं, पण निरीक्षण वही लाल शेऱ्यांनी भरून परत येते. ज्यांनी हा अभ्यासक्रम केलाय, शिकवलाय किंवा सराव पाठ तपासलेत त्यांनी इथे लिहा. आठवणी नकोत. 'मुलांची आवड हवी' वगैरेही नको, ते सगळ्यांना ठाऊक आहे. काय करायचं आणि कुठे चुकतं, एवढंच लिहा.

रेघोट्या

निरीक्षण वहीपासून सुरुवात करते, कारण निम्मा अभ्यासक्रम तिथेच आहे. पानाचे तीन रकाने पाडा: वेळ, दिसलं ते, अर्थ. मधल्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलेलं आणि कानांना ऐकू आलेलं. 'र. चिडला' हे तिसऱ्या रकान्यातलं वाक्य. मधल्यात असं हवं:

१०:१२ – र. चौथा ठोकळा ठेवतो. मनोरा पडतो. र. शेजारच्या स.कडे बघतो. स. हसते. र. एक ठोकळा जमिनीवर आपटतो, म्हणतो, 'तू हलवलंस.'

स.ने खरंच हलवलं होतं का? दिसलं नसेल तर 'दिसलं नाही' असं लिहा, अंदाज नको. तिसऱ्या रकान्यात: 'राग आला तरी तो शब्दांत मांडता येतो.' तेही 'या प्रसंगावरून' एवढ्याच बेताने.

सलग नोंद दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. हात दमला की 'मग थोडा वेळ खेळला' अशी वाक्यं येतात आणि नोंद तिथेच तुटते. तुटक शब्दांत टिपा, पण पक्की नोंद त्याच दिवशी उतरवा. मुलाचं नाव नको, एक अक्षर पुरे. वय मात्र वर्षं आणि महिन्यांत (३ वर्षं ४ महिने), कारण या वयात सहा महिन्यांनी चित्र पार बदलतं.

पाटीपेन्सिल

त्यात भर: आधी प्रश्न ठरवा, मग पद्धत. 'किती वेळा' असा प्रश्न असेल तर ठरावीक अंतराने नोंद, म्हणजे दर पाच मिनिटांनी दहा सेकंद बघायचं आणि खूण करायची. 'कशामुळे' असा प्रश्न असेल तर प्रसंगनोंद: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. मारामारीच्या नोंदीत पहिला भाग हमखास गायब असतो, कारण आवाज आल्यावरच बघणाऱ्याची मान वळते.

दुसरा घोळ खेळाच्या प्रकारांचा. मुलं एकमेकांत किती मिसळून खेळतात यावरून मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्ये केलेलं वर्गीकरण सगळ्यांना पाठ असतं, पण समांतर खेळ आणि सहयोगी खेळ यांत गल्लत होते. शेजारी बसून दोघं चिखल कालवतायत एवढ्यावरून काही ठरत नाही. एक उठून गेल्यावर दुसऱ्याचा खेळ जसाच्या तसा चालू राहिला तर तो बहुधा समांतर. वस्तू मागणं-देणं, खेळाबद्दल बोलणं आहे पण ठरलेलं असं काही नाही, तर सहयोगी. 'तू ड्रायव्हर, मी तिकीट देणार' अशी वाटणी झाली की सहकारी. आणि पाच वर्षांचं मूल एकटं बसून कोडं जुळवतंय म्हणून त्याला 'मागच्या टप्प्यावर' ढकलू नका.

ठोकळा

मानसशास्त्रज्ञ पियाजेचा संख्येच्या अक्षय्यतेचा (मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे मुलाला कळतं का, याचा) प्रयोग प्रात्यक्षिकात असतो आणि दहातले आठ जण तो बिघडवतात. (आकडा शब्दशः घेऊ नका.) सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या. 'दोन्हीकडे सारखी आहेत ना?' हे मुलाकडून आधी कबूल करून घ्यायचं. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरवायची आणि विचारायचं, 'आता एका ओळीत जास्त आहेत, की दोन्हीत सारखीच?' चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळ दाखवतात.

मात्र तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटू शकतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी १९७४ मध्ये ओळ मोठ्यांऐवजी एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाकडून विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी 'सारखीच' असं सांगितलं. म्हणून अहवालात ओळ कोणी हलवली, प्रश्नाचे शब्द काय होते आणि 'कशावरून?' याचं मुलाने दिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहा. नुसतं 'आलं / नाही आलं' याला काही किंमत नाही.

कात्रण

परीक्षेपुरतं: 'स्कॅफोल्डिंग' (मुलाला जमेपर्यंत आधार द्यायचा आणि मग तो हळूहळू काढून घ्यायचा) हा शब्द मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या नावावर खपवू नका. तो १९३४ मध्येच गेला. शिकवण्याच्या संदर्भात ही संज्ञा वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रुळली.

गोंदडबी

साधनांबद्दल. मॉन्टेसरीचा गुलाबी मनोरा म्हणजे १ ते १० सेंमी बाजूचे दहा घन. पुठ्ठ्याचे करताना सहाही तुकडे सारखे कापले की जाडीमुळे माप वाढतं. २ मिमी पुठ्ठ्याने दोन बाजूंचे ४ मिमी वाढतात. मोठ्या घनाला ते खपतं, ३ सेंमीच्या घनाचं माप पार बिघडतं. १० सेंमीच्या घनासाठी दोन तुकडे १०×१०, दोन १०×९.६ आणि दोन ९.६×९.६ असे कापा. लहान दोन-तीन घन सरळ लाकडाचे घ्या. मापं चुकली तर मुलाला स्वतःची चूक स्वतः दिसत नाही, मग ते साधन कसलं, नुसती शोभा.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी कोणतीही वस्तू ३१.७ मिमी व्यासाच्या छोट्या नळकांड्यात पूर्ण मावली तर ती बाद. थर्माकोलही नको, त्याचे दाणे सुटतात.

पाटीपेन्सिल

सहमत. शिवाय प्रदर्शनात चकचकीत तक्त्यांना गुण मिळतात हे खरं असलं, तरी मूल हात लावू शकत नाही ते साधन मी तरी मोजणार नाही.

दप्तर

सराव पाठाचं टाचण. 'मुलांना रंगांची ओळख होईल' हे उद्दिष्ट तपासता येत नाही. 'मूल लाल आणि पिवळ्या वस्तू दोन टोपल्यांत वेगळ्या करील' हे येतं. उद्दिष्ट एकच ठेवा.

तीन-चार वर्षांच्या मुलांना गोलात दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. पाठ कोसळतो तो बहुतेक वेळा आशयामुळे नाही, थांबावं लागल्यामुळे. आठ मुलं आणि एक गोंदाची वाटी, म्हणजे सात जण मोकळे. दोघांत एक वाटी द्या, कागद आधीच मोजून ठेवा, आणि हात धुवायला सगळ्यांना एकदम उठवू नका. गोष्टीत प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकण्याची खोड भल्याभल्यांना असते.

पाठानंतरच्या स्वमूल्यमापनात 'मुलांनी आनंदाने सहभाग घेतला' हे वाक्य खोडा. त्याऐवजी: आठपैकी किती जणांनी वस्तू वेगळ्या केल्या, कोण नारिंगीपाशी अडलं, पुढच्या वेळी नारिंगी वस्तू काढायची की मुद्दाम ठेवायची आणि का.