मदत हवी आहे : पित्तनलिका आवळलेली, ब्रशचा रिपोर्ट अधांतरी. पित्त तपासून निदान होईल का?

नमस्कार. मी डिचोलीजवळ राहतो. प्रश्न बाबांबद्दल आहे, वय ६४. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मार्चमध्ये, ऐन काजूच्या हंगामात, बाबांच्या अंगाला खाज सुटली. बियांचा चीक लागून दरवर्षीच हात उलतात, म्हणून आईने खोबरेल लावलं आणि विषय तिथेच राहिला. पण या वेळी हातांवर एक डाग नव्हता, आणि रात्री ते उंबऱ्यावर बसून नारळाच्या सोडणाने तळपाय घासायचे. मग लघवी काळ्या चहासारखी झाली, शौचाला मातीच्या रंगाची. कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध सुरू केलं, त्यात पंधरा दिवस गेले. ते मला अजून लागून राहिलंय.

बिलिरुबिन १४ निघालं. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) खडा नाही, गाठ नाही. फक्त पित्तनलिकेचं खालचं टोक, स्वादुपिंडाजवळ, सेंटिमीटरभर आवळलेलं. ईआरसीपी करून (तोंडावाटे दुर्बीण नेऊन) नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी नळी, घातला. त्याच वेळी बारीक ब्रशने तिथल्या पेशी खरवडून तपासायला दिल्या. आठवड्याभरात खाज गेली, बाबा पेज मागून घेऊ लागले. ब्रशचा रिपोर्ट मात्र असा : अ‍ॅटिपिकल (नेहमीपेक्षा वेगळ्या) पेशी दिसतात, निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. सीए १९-९ (कॅन्सरच्या संशयात रक्तात बघतात ती खूण) आधी २१० होतं, कावीळ उतरल्यावर ४६.

एक सर्जन म्हणतात, संशय आहे तर व्हिपल करून मोकळे होऊ. म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, नलिका, सगळं काढायचं. दुसरे डॉक्टर म्हणतात, जूनमध्ये स्टेंट बदलताना पुन्हा ब्रश करू. कॅन्सर असेल तर आम्ही उद्या ऑपरेशनला तयार आहोत. नसला तर?

मी वाचलं की या जागेचा कॅन्सर बऱ्याचदा तंतुमय, टणक असतो, ब्रशला पेशी लागतच नाहीत. पण मरणाऱ्या पेशींचा डीएनए पित्तात सुटतो, आणि त्यात केआरएएस, टीपी५३ अशा जनुकांतले बदल शोधता येतात. स्टेंट बदलताना पित्त ओढून टाकूनच देतात ना? तेच चार-पाच मिली ठेवून तपासता येईल का? कुणी केलंय का? रिपोर्ट चांगला आला तर निर्धास्त राहायचं का?

प्रतिसाद १ (पॅथॉलॉजीत काम करते, ठाणे)

तुमचा विचार बरोबर दिशेने आहे. ब्रशमध्ये कॅन्सर दिसला तर तो जवळपास नक्की असतो, पण असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यातून निसटतात. म्हणून तो रिपोर्ट ना दोषी ठरवतो ना सोडतो.

पिट्सबर्गच्या गटाने २०२० मध्ये २८ जनुकांच्या पॅनेलचा (ती सगळी एकत्र तपासण्याचा) अभ्यास छापला, २५२ रुग्णांवरचा. नुसत्या पॅथॉलॉजीने (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून) ४८ टक्के कॅन्सर पकडले गेले, पॅनेल जोडल्यावर ८३ टक्के. पण एक लक्षात घ्या, तो अभ्यास ब्रश आणि चिमट्याने काढलेल्या तुकड्यांच्या नमुन्यांवरचा होता. थेट पित्तातल्या मोकळ्या डीएनएवरचे अभ्यास आशादायक आहेत, पण लहान आहेत. ओस्लोच्या गटाने जनुकांवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे डीएनएवर चिकटलेले रासायनिक ठिपके (सीडीओ१, सीएनआरआयपी१, सेप्ट९, व्हीआयएम) आधी ब्रशमध्ये आणि मग पित्तातही तपासल्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. बदल सापडला तर त्याला वजन आहे. नाही सापडला तर कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. ८३ पकडले गेल्यावर शंभरातले राहिलेले १७ आठवा.

नमुन्याचं आधीच ठरवावं लागतं. पित्त कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत नलिका दिसावी म्हणून सोडतात ते द्रव) सोडण्यापूर्वी ओढलेलं हवं, निर्जंतुक नळीत, लगेच बर्फावर. उशीर झाला तर नमुना खराब होऊ शकतो. कुठल्या लॅबला पाठवायचं आणि ती पित्त घेते का, हे ईआरसीपीच्या आधी फोन करून विचारा; बऱ्याच लॅब फक्त ब्रश किंवा तुकडा घेतात. त्याच वेळी कोलँजिओस्कोपी (नलिकेच्या आत बारीक कॅमेरा नेणं) करून आवळलेल्या जागेचे तुकडे डोळ्यांनी बघून घेता येतील का, हेही डॉक्टरांना विचारा. माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे.

सीए १९-९ उतरलं याने हुरळू नका, घाबरूही नका. नुसत्या अडथळ्यानेही ते चढतं.

प्रतिसाद २ (सावंतवाडी)

आयजीजी४ रक्तात तपासलंय का? हे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन; त्याच्याशी जोडलेल्या आजारात सूज येऊन नलिका कॅन्सरसारखीच आवळते. माझ्या मामांचं असंच होतं, तेच टोक, ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरलेली. जुने स्कॅन पुन्हा पाहिल्यावर स्वादुपिंड सुजलेलं दिसलं आणि स्टेरॉइडवर दोन महिन्यांत नलिका मोकळी झाली. तुमच्या बाबांच्या वयाच्या पुरुषांत हे पाहायलाच हवं. रक्तातली पातळी नॉर्मल आली तरी विचारणं सोडू नका. मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्टेरॉइडची एकही गोळी नको, निदानच झाकलं जातं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. फाईल उघडून बसलोय. आयजीजी४ केलेलंच नाही, उद्या सकाळी बाबांना उपाशीपोटी घेऊन जातो (उपाशी लागतं का, तेही माहीत नाही, पण न्यायला काय हरकत). बुधवारी ओपीडी आहे. कॉन्ट्रास्टच्या आधी पित्त, बर्फ, कोलँजिओस्कोपी, एवढं वहीत लिहून ठेवलंय. लॅबचं उत्तर आलं की इथेच लिहीन. बेळगाव किंवा मुंबईत पित्ताचा नमुना घेणारी लॅब कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, जूनला तीनच आठवडे उरलेत.